वाला वालाला जाण्याआधी

हेरंब,
तू विचारलंस म्हणून लिहितेय,
नाहीतर असल्या जागा मी सहसा फुकट सांगत नाही.

गावाचं नाव ऐकून हसू नकोस.
वाला वाला.
दूधवाला नाही, फुगेवाला नाही,
नुसताच वाला, तोही दोनदा.
शर्वाणीला वाटलं होतं, बिरडं मिळत असेल.
बिरडं मिळत नाही. बाकी पुष्कळ मिळतं.

सिअ‍ॅटलहून पहाटे निघ.
घाट ओलांडलास की पाऊस मागे राहतो,
पुढे नुसता गहू,
टेकड्यांवर कंगवा फिरवल्यासारखा.
वाटेत भूक लागली तरी थांबू नकोस.
रिकाम्या पोटी पोचणं हा अर्धा स्वयंपाक.

मेन स्ट्रीटवरच्या कारंजेवाल्या हॉटेलचं
सगळे कौतुक करतील. करू देत.
तिथे बशी मोठी आणि घास लहान.
तू विमानतळाकडे वळ.
महायुद्धातल्या बराकी आहेत, लाकडी, एकसारख्या.
तिसरीत नोरीन डॉयल नावाची बाई सिरा करते.
सिरा. शिरा नव्हे.
हा विनोद अच्युतचा,
आणि तिथे गेल्यावर तो करावाच लागतो.

यादी खरं तर अच्युतचीच.
बावीस वर्षं तो लोकांना जेवायला पाठवतोय.
विजेच्या बिलामागे, पार्किंगच्या पावतीवर, बारीक अक्षरात:
माशाला हात लावू नका, पाव मात्र संपवा.
वाढणारीचं नाव लुपे. तिला विचारा, मेनूला नको.
त्याच्या शब्दावर माणसं दोनशे मैल गेली
आणि परत येऊन त्याच्याशी भांडली,
मीठ कमी होतं म्हणून.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचा वास गेला.
आम्हाला आधी कळलंच नाही.
एकदा गॅसवर दूध करपलं
आणि तो शेजारीच बसून पेपर वाचत होता.

मग यादी बदलत गेली.
इथल्या खुर्च्या चांगल्या.
साडेसहाला खिडकीतलं टेबल घ्या, ऊन ग्लासातून जातं.
इथे बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत.
आम्ही गेलो. जेवण खरंच बेतास बात होतं,
आणि तीन तास उठावंसं वाटलं नाही.

डॉयलबाईंकडे मी त्याच्याबरोबर गेले होते.
त्याने ग्लास फिरवला, सवयीने नाकाशी धरला,
मग माझ्याकडे सरकवला.
सांग, म्हणाला.
मी म्हटलं, ब्लॅकबेरी, थोडी मिरी...
तर चिडला.
ते बाटलीवर छापलंय. तुला काय लागलं ते सांग.

लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडतो ना, तसं.
आणि?
आमसूल. जिभेच्या कडेला कात.
आणि?
आणि मागून, खूप मागून,
कुणीतरी बंब पेटवलाय.

तो घोट तोंडात धरून ऐकत होता.
गिळला, आणि म्हणाला,
चांगली आहे. दोन घेऊ.

तर ती बाटली घे. चाळीस डॉलर, घासाघीस नको.
परतताना फाट्यावर मारिसोलची हिरवी गाडी दिसेल,
तिथले टॅको, जिभेचे.
कसली जीभ ते आधी विचारू नकोस.
जून असेल तर कांदे घे,
इथले गोड, सफरचंदासारखे चावून खातात.
अच्युतसाठी मात्र साधाच आण, झणझणीत.
गोड कांद्याला तो कांदा म्हणत नाही.
टेबलावर ठेवून बुक्कीने फोडतो,
चावतो, डोळे पुसतो,
आणि हसत म्हणतो, हा कळला.

आलास की फोन त्याला कर, मला नको.
मस्त होतं, झकास होतं, असलं काही म्हणू नकोस.
पहिल्या घासापासून सांग.
आणि सावकाश सांग.
तो जेवत असेल.